अंगणातले पाहुणे आणि हातातला मोबाइल



गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. बदलापूरजवळच्या एका पाड्यावर आमच्या गटाची मासिक बैठक होती. बचतीचे पैसे मोजून झाले, हप्ते लिहून झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या, आणि चहा यायच्या आत एक मावशी पुढे आल्या. हातात कढीपत्त्याची डहाळी, डहाळीवर बोटाच्या दोन पेरांएवढी हिरवीगार अळी. म्हणाल्या, "ताई, हिचा फोटो काढा आणि औषधाच्या दुकानात दाखवा. काय मारायचं ते विचारून या. पिशव्यांतली निम्मी रोपं बोडकी केली हिने."

मावशींचा राग खरा होता. त्यांच्या परसात कढीपत्त्याचं एक जुनं झाड आहे. त्याच्या जुड्या त्या उल्हासनगरच्या बाजारात विकतात. त्या वर्षी गटाकडून कर्ज घेऊन त्यांनी कढीपत्त्याची आणि लिंबाची रोपंही पिशव्यांत लावली होती. रोपं गेली तर हप्ता कुठून भरायचा?

आम्ही लगेच फोटो काढला. दुकानात दाखवला तेव्हा दुकानदार हसला. फोटोत मावशींचा अंगठा अगदी स्वच्छ आला होता, आणि अळीच्या जागी नुसता हिरवा डाग. "यावरून काय सांगू ताई?" असं तो म्हणाला. आम्ही रिकाम्या हाताने परत आलो.

तेव्हा कळलं की फोटो काढणं आणि दिसेल असा फोटो काढणं, यात फरक आहे. त्यानंतर आम्ही सगळ्याजणी मिळून जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगणार आहोत. मावशींच्या अळीचं काय झालं, तेही सांगू.

पहिली अडचण: मोबाइल कुणाचा?

बऱ्याच घरांत चांगला मोबाइल नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे असतो. म्हणून आम्ही गटात एक साधी पद्धत पाडली. बैठकीच्या दिवशी ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्या तो मध्ये ठेवतात, आणि प्रत्येकीने एक तरी फोटो स्वतःच्या हाताने काढायचा. ज्या आजींनी आयुष्यात कधी मोबाइल धरला नव्हता, त्यांनी काढलेला कोंबडीचा फोटो आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला आला. कारण त्यांचा हात स्थिर होता आणि त्यांना घाई नव्हती.

या कामाला मोठा कॅमेरा लागत नाही. चार गोष्टी मात्र सांभाळायच्या.

एक, मागची काच पुसा. भाकरी थापताना, भांडी घासताना आपण त्याच हाताने मोबाइल उचलतो. काचेवर तेलाचं बोट असलं की फोटो धुरकट येतो. सुती पदराच्या कोरड्या टोकाने पुसलं तरी पुरतं.

दोन, ऊन आपल्या पाठीशी किंवा बाजूला असावं. ऊन समोरून आलं की पक्षी काळा दिसतो. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चारनंतरचं ऊन मऊ असतं. भर दुपारी रंग पांढरट पडतात.

तीन, जे टिपायचं आहे त्यावर पडद्यावर बोट टेकवा. मोबाइलला आपण सांगायचं असतं की पान नको, अळी बघ. नाहीतर तो त्याला हवं ते बघतो. आमचा पहिला फोटो इथेच फसला होता.

चार, दोन बोटांनी चित्र ताणून मोठं करू नका. साध्या मोबाइलमध्ये त्याने पक्षी जवळ येत नाही, नुसतं चित्र फाटतं. आहे तसा फोटो काढा, आणि नंतर नको तो भाग कापा. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवून किंवा भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की हात हलत नाही. फ्लॅश बंद ठेवा, फोटो काढतानाचा आवाजही बंद ठेवा.

पक्ष्यांकडे जाऊ नका, त्यांना येऊ द्या

मोबाइलने लांबचा पक्षी चांगला येत नाही. मग करायचं काय? आम्ही त्याच्या मागे धावायचं सोडलं. मातीच्या पसरट परळात पाणी भरून सावलीत ठेवलं, जवळ मांजराला दबा धरायला झुडूप नको एवढं पाहिलं, आणि पाणी रोज बदललं. डास व्हायला नकोत, म्हणून हे रोजचं काम. मग घरातच, अंधाऱ्या खोलीच्या खिडकीशी बसलो. बाहेर उजेड आणि आत अंधार असला की पक्ष्याला आपण फारसे दिसत नाही. पहिले दोन-तीन दिवस कोणी आलं नाही. मग साळुंकी आली, तिच्यामागून बुलबुल, आणि आठवड्याने चिमण्यांचा थवा.

नुसतं बघत बसलं की रोजच्या पाखरांतही किती वेगळेपण आहे ते कळतं. दयाळ पक्ष्याचा नर काळा-पांढरा असतो, मादी राखाडी. आम्हाला ते दोन वेगळे पक्षी वाटायचे. जास्वंदीवर येणारा इवलासा शिंजीर सावलीत काळा दिसतो, आणि ऊन पडलं की जांभळा-निळा चमकतो. त्याची मादी मात्र वरून मळकट हिरवी आणि पोटाशी पिवळसर असते. शिंपी पक्षी खरोखरच पानं शिवून घरटं करतो. लाल डोळ्यांचा, तपकिरी पंखांचा भारद्वाज कुंपणाखाली चालत फिरतो. आपल्याकडे त्याचं दर्शन शुभ मानतात.

महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, म्हणजे हिरवं कबुतर. वड, पिंपळ, उंबर फळांनी लगडला की त्यावर तो थव्याने येतो, पण पानांच्या रंगात असा मिसळतो की आपण झाडाखाली उभ्या असूनही दिसत नाही. बदलापूरच्या जांभळाचं नाव आता लांबवर गेलं आहे, त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या जांभळीवर कोण कोण पाखरं येतात, हे झाड राखणाऱ्या बाईइतकं कुणाला ठाऊक असणार? तिच्या हातात मोबाइल दिला की ती माहिती फोटोत उतरते.

फुलपाखराला सकाळ द्या

फुलपाखराचं अंग थंड असतं. सकाळी उडण्याआधी ते पंख पसरून उन्हात बसतं. त्या वेळी ते सहसा पळत नाही. हळू जायचं, वाकून जायचं, आणि आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. सावली पडली की ते उडालंच म्हणून समजा. पावसाळ्यात ओल्या मातीवर कधीकधी दहा-वीस फुलपाखरं एकत्र बसलेली दिसतात. ती मातीतले क्षार शोषून घेत असतात. तशी बैठक दिसली तर जमिनीशी बसून फोटो काढा.

फुलपाखराचे दोन फोटो हवेत, एक पंख उघडलेला आणि एक मिटलेला. का ते सांगतो. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू आपल्याकडे असतं. पंख उघडले की ते पांढरं, काळ्या रेघांचं दिसतं. पंख मिटले की खालच्या बाजूला पिवळी हळद आणि काठाला लाल कुंकू. एकच फोटो काढला तर नाव सापडत नाही. याच्या अळ्या बांडगुळावर वाढतात. आंब्यावर बांडगूळ चढलं की आपण वैतागतो, पण तेही कुणाचं तरी घर असतं.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंत, म्हणजेच राणी पाकोळी, हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं करणारं आपलं राज्य देशात पहिलं. तळहाताएवढं, काळं आणि त्यावर निळा पट्टा. ते अंडी घालतं लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. म्हणजे आपल्या परसातल्या लिंबावरसुद्धा राज्याचा पाहुणा येऊ शकतो.

आता मावशींच्या अळीकडे येऊ. दुसऱ्या बैठकीपर्यंत औषध मारू नका, अशी आम्ही त्यांना विनंती केली. कढीपत्ता आपण न शिजवता चटणीतही घालतो, फवारलेली जुडी कुणाच्या ताटात जाईल सांगता येत नाही, हेही बोललो. मावशी कुरकुरत कबूल झाल्या आणि त्यांच्या सुनेने रोज एक फोटो काढला.

आठवड्याभराचे फोटो एकापुढे एक लावले तेव्हा आम्ही थक्क झालो. कोवळ्या पानांवर जी पाखराची विष्ठा समजून मावशी झटकून टाकत होत्या, ती विष्ठा नव्हतीच. ती याच अळीची लहानपणची अवस्था होती. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिने घेतलेलं सोंग. मोठी झाली की ती हिरवी होते. काडीने डिवचलं की डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग ती काडीला चिकटून कोष करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात. आमच्या कोषातून पिवळसर आणि काळ्या ठिपक्यांचं लिंबाचं फुलपाखरू निघालं. सून त्या सकाळी पाणी भरायची थांबली होती. तिने काढलेला फोटो थोडा तिरका आहे, पण ओले पंख स्पष्ट दिसतात.

मग अळ्यांना मोकळं रान द्यायचं का? नाही. लहान रोपाला पानं दहा-बारा. दोन अळ्यांनी ते संपतं. जुन्या झाडाला त्याच अळ्यांनी काही होत नाही. म्हणून मावशींनी रोपांवरच्या अळ्या पानासकट उचलून जुन्या झाडावर ठेवल्या आणि रोपांवर जुनी जाळीदार साडी ताणून बांधली, म्हणजे फुलपाखरू तिथे अंडी घालू शकत नाही. अकरा रोपं गेली ती गेलीच. बाकीची विकली गेली आणि हप्ता थोडा उशिरा का होईना, भरला गेला.

आमची चूक

आता जे सांगणार आहोत ते सांगायला जड जातं. पण न सांगता पुढे गेलो तर तुम्हीही तेच कराल.

एका ताईंच्या जास्वंदीत बुलबुलाने घरटं केलं होतं. कंबरेएवढ्या उंचीवर, पानांआड. आत दोन पिल्लं. फोटो नीट येईना म्हणून आम्ही एक फांदी बाजूला ओढून बांधली, तीन-चार जणींनी पाळीपाळीने फोटो काढले, आणि फांदी सोडायची विसरून बैठकीला गेलो. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं. कावळ्याने नेली की मांजराने, कुणी पाहिलं नाही. पण पानांचा पडदा आम्ही उघडला होता, एवढं नक्की. दोन दिवस ती बुलबुलाची जोडी जास्वंदीभोवती ओरडत फिरत होती. फोटो मात्र सुंदर आला होता. गटात सगळ्यांनी त्याला अंगठे दिले होते. आम्ही तो पुसून टाकला.

तेव्हापासून आमचा नियम आहे की घरट्याचा, अंड्यांचा आणि पिल्लांचा फोटो काढायचा नाही. घरटं दिसलं तर लांबून पाहायचं आणि वाट बदलायची. पक्षी ओरडायला लागला किंवा चोचीत चारा धरून घरट्याकडे जायचा थांबला, तर आपण फार जवळ आलो आहोत असं समजायचं. घुबडासारख्या पक्ष्याची जागा फोटोसोबत गावभर पाठवायची नाही, कारण अंधश्रद्धेपायी त्याला मारणारे आजही आहेत. एखादा फोटो हुकला तर काही बिघडत नाही.

देऊळ, खाडी आणि बंदर

पाखरांवर हात बसला तसा आम्ही आजूबाजूच्या जुन्या वास्तूंकडे मोर्चा वळवला. सुरुवात अंबरनाथच्या शिवमंदिरापासून केली. वालधुनी नदीच्या काठचं हे देऊळ शिलाहार राजांच्या काळातलं. त्यावरच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असं साल आहे. महाशिवरात्रीला आपण सगळ्या तिथे रांगेत उभ्या राहतो, पण भिंतींवर काय कोरलं आहे ते किती जणींनी निवांत पाहिलं?

एक गोष्ट वाचून आम्हाला फार आनंद झाला. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेतली, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधली मंडळी अंबरनाथला आली. त्यांनी या देवळाची रेखाटनं केली, मूर्तींचे साचे घेतले आणि फोटोही काढले. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी अवजड कॅमेरा घेऊन इथे यावं, ते कशासाठी? नोंद राहावी म्हणून. ऊन-पावसाने दगड झिजतो, कडा तुटतात. जुना फोटो असला तर काय होतं आणि काय गेलं हे कळतं.

पुढे याच कलाशाळेत होमाई व्यारावाला शिकल्या. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. म्हणून आम्ही सांगतो, फोटो तुमचा असेल तर खाली नाव तुमचंच लिहा.

देवळाचा फोटो काढताना आधी लांबून पूर्ण देऊळ घ्या, मग एक भिंत, मग एक मूर्ती. ऊन बाजूने तिरपं पडलं की कोरीवकाम उठून दिसतं. समोरून ऊन पडलं की सगळं सपाट वाटतं. मूर्तीला हात लावू नका, हळदकुंकू किंवा तेल लावू नका. गाभाऱ्यात विचारल्याशिवाय फोटो नको.

दुसरी फेरी कल्याणची. उल्हास नदी आपल्या गावांवरून वाहत तिथे खाडीला मिळते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांच्या लेखनातही कल्याण बंदराचं नाव आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि पुढे या खाडीकाठी आरमाराची जहाजं बांधली गेली. दुर्गाडी किल्ला तिथेच आहे. ओहोटीच्या वेळी गेलात तर उघड्या चिखलात बगळे चरताना दिसतात, आणि एकाच फोटोत किल्ला, खाडी आणि पाखरं मिळतात.

तिसरी फेरी म्हणजे गटाची सहल, लोकलने थेट मुंबईला, गेटवे ऑफ इंडिया पाहायला. राजा पंचम जॉर्ज १९११ मध्ये या बंदरात उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली आणि १९२४ मध्ये ती पूर्ण झाली. आम्ही हौसेने सकाळी लवकर पोहोचलो आणि सगळ्यांचे फोटो काळे आले! कारण कमानीमागे समुद्र पूर्वेला, सूर्य थेट तोंडावर. चौकात उभं राहून फोटो हवा असेल तर दुपारनंतर जा. सकाळीच गेलात तर लाँचमध्ये बसून समुद्राच्या बाजूने काढा. थंडीत तिथे पांढरे कुरव पक्षी लांबून येतात आणि लोक त्यांना शेव-गाठी टाकतात. फोटो झकास येतो, पण तळलेलं खारट खाणं त्यांचं अन्न नव्हे. आम्ही टाकलं नाही, तुम्हीही टाकू नका.

फोटोला तारीख आणि गाव जोडा

मोबाइलमध्ये हजार फोटो असतात, आणि मोबाइल पडला की सगळे जातात. म्हणून आमच्या गटाने एक दोनशे पानी वही केली आहे. फोटोगणिक पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, वेळ, गाव, कोणत्या झाडावर, आणि ते काय करत होतं. नाव माहीत नसेल तर आपल्या गावात जे म्हणतात ते लिहायचं. ठाकर समाजातल्या आमच्या एका आजींना जेवढ्या पाखरांची नावं तोंडपाठ आहेत, तेवढी आमच्या बीएच्या पुस्तकांत नव्हती. नाव शोधायला आय-नॅचरलिस्टसारखं ॲप आहे. फोटो टाकला की ते नाव सुचवतं आणि जाणकार माणसं ते तपासतात.

आणि ज्यांच्याकडे मोबाइलच नाही त्यांनी? दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. अमेरिकेत ती १९९८ मध्ये सुरू झाली, भारतात २०१३ पासून होते. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं आणि कोणते पक्षी किती दिसले ते लिहायचं. फोटो लागत नाही, डोळे लागतात. एकीने मोजायचं, एकीने लिहायचं आणि मोबाइलवालीने ई-बर्डवर भरायचं.

या वहीचा उपयोग काय, असं घरातून विचारतात. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत आणि महानगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिने लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गावात कोणती झाडं, पाखरं, कीटक, वनस्पती आहेत ते त्यात लिहायचं असतं. पुढच्या ग्रामसभेला ही नोंदवही दाखवा म्हणून विचारा, आणि आपली वही सोबत न्या. आपल्या भागात रोज एखादी वाडी जाते आणि तिथे इमारत उभी राहते. वहीने इमारत थांबेलच असं आम्ही म्हणत नाही. पण इथे काहीच नव्हतं असं उद्या कुणी म्हणालं, तर होतं, अमुक तारखेला अमुक झाडावर होतं, हे आपण दाखवू शकतो.

आमच्या वहीचं पहिलं पान मावशींचं आहे. त्यावर दोन फोटो चिकटवलेत. एक अंगठ्याचा आणि हिरव्या डागाचा, दुसरा ओल्या पंखांच्या फुलपाखराचा. खाली सुनेने तारीख लिहिली आहे, आणि मावशींनी स्वतःच्या हाताने सही केली आहे.

या आठवड्यात एवढं करा. परसात परळभर पाणी ठेवा, दहा मिनिटं बसा, आणि जे येईल त्याची एक ओळ लिहून पुढच्या बैठकीला आणा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.